कोणतं गाणं आपलं?

डिसेंबर जवळ आला की नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या ख्रिस्ती घरांत दोन याद्या होतात, एक फराळाची आणि एक गाण्यांची. फराळाच्या यादीवर लवकर एकमत होतं. गाण्यांच्या यादीवर होत नाही, आणि ते घाईनं होऊ नये असंच मला वाटतं. आपण काय मानतो, कुणाच्या शेजारी राहतो आणि दिवसभर कानांत काय भरतो, हे सगळं त्या यादीत दिसतं. कॅरोल राउंडला मराठी गीतं किती, इंग्रजी किती, टाळ घ्यायचे की गिटार, जुन्या भजनाची चाल चालेल का, हे प्रश्न वरवर किरकोळ आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र मोठा आहे: विश्वास ठेवणाऱ्या माणसानं गाणं निवडायचं कशावरून?

या प्रश्नावरची दोन मतं मी उपासनेनंतरच्या चहाला, लोकलमध्ये, तरुण संघाच्या बैठकीत पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. ती इथे एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी बांधली आहेत. आत्या नगरकडच्या जुन्या मराठी मंडळीत वाढलेली, निवृत्त शिक्षिका, पेटीवर हात बसलेला. आता आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. भाचा फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करतो आणि रविवारी एका फेलोशिपमध्ये स्तुती-आराधना चालवतो. दोघांचाही विश्वास खरा आहे, म्हणून वाद ऐकण्याजोगा आहे.

भाचा : आत्या, मी फोनमधली सगळी गाणी काढून टाकली. सिनेमाची, गझला, बँडची, सगळी. आता फक्त प्रभूची गाणी. कॅरोलच्या यादीलाही हाच नियम लावू या. ज्या गीतात प्रभूचं नाव नाही, ते नको.

आत्या : काढलीस ते बरं केलंस की नाही, ते नंतर बघू. का काढलीस, ते आधी सांग.

भाचा : बेलापूरहून सीएसएमटीपर्यंत तासाभराचा प्रवास. कानांत इअरफोन. एक गाणं संपलं की दुसरं ॲप आपणहून लावतं, ते मी निवडलेलं नसतं. एके दिवशी सकाळी प्रार्थनेला बसलो आणि ओठांवर ओळ आली ती एका आयटम साँगची. ते गाणं मी कधी मुद्दाम लावलंही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, गाणं विचारून आत येत नाही. भाषण पटलं नाही तर आपण वाद घालतो. गाण्याशी कुणी वाद घालत नाही, ताल धरतो. हळदीला डीजेवर लहान मुलं नाचतात, त्या गाण्यांत बाईविषयी जे शब्द असतात, ते शब्द त्याच मुलांना आपण घरात बोलू देऊ का?

आत्या : नाही देणार. हे तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

भाचा : आणि हे काही मी आज शोधलेलं नाही. दानिएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजा काय करतो? वाद्यांचा आवाज कानी पडला की सगळ्यांनी सोन्याच्या मूर्तीपुढे दंडवत घालायचं. हुकूम नुसता वाचून दाखवला असता तर चार लोकांनी विचार केला असता. वाजंत्री वाजली आणि सगळा मैदानभर समाज आडवा झाला. संगीताची ताकद राजाला ठाऊक होती. आपणच ती विसरतो.

आत्या : विसरत नाही. म्हणून तर चाळीस पोरांच्या संडे स्कूलला मी आधी गाणं शिकवायचे आणि मग वचन. पण तुझा नियम मला अडतो. ज्या गीतात प्रभूचं नाव नाही ते नको, असं म्हणतोस. मग तुझ्या पवित्र शास्त्रातलं गीतरत्न कुठे ठेवणार? ते आरंभापासून शेवटपर्यंत प्रेमाचं गाणं आहे. एस्तेरच्या पुस्तकात तर देवाचं नावच येत नाही. तुझी चाळणी लावली तर ही दोन्ही पुस्तकं शास्त्राबाहेर पडतील.

भाचा : ती शास्त्रात आहेत, म्हणून पवित्र आहेत. सिनेमातलं प्रेमगीत कुणी शास्त्रात घातलेलं नाही.

आत्या : बरोबर. पण ज्या अर्थी देवाच्या लोकांनी एक प्रेमाचं गीत शास्त्रात जपलं, त्या अर्थी प्रेम, डोळ्यांचं सौंदर्य, वाट पाहणं, विरह हे विषयच अपवित्र नाहीत. मग प्रत्येक गाण्याला विचारायचं ते वेगळं काहीतरी असणार. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला ते सांगून ठेवलंय. जे खरं आहे, आदरणीय आहे, न्याय्य आहे, शुद्ध आहे, प्रिय वाटण्याजोगं आहे, त्याचा विचार करा. त्यानं उगमाची अट घातलेली नाही, गुणाची घातली आहे.

भाचा : म्हणजे सगळंच चालेल?

आत्या : उलट. खूप काही चालणार नाही, आणि त्यात आपली म्हणवणारी गाणीही असतील. खरेपणाची कसोटी लावायची तर आधी स्वतःच्या वहीला लाव. प्रभू मला गाडी देईल, बंगला देईल, शत्रूला माझ्या पायाखाली लोळवील, अशा अर्थाची गाणी तुमच्याकडे हात वर करून म्हणतात की नाही? त्यांत येशूचं नाव दर ओळीला आहे. पण ज्यानं वधस्तंभ उचलायला सांगितलं, तो येशू त्यांत सापडतो का?

भाचा : काही गाणी तशी आहेत. मलाही खटकतात.

आत्या : मग नाव हा पुरावा नव्हे. आमोस संदेष्ट्याकडून देवानं स्वतःच्याच मंदिरातली गाणी बंद करा म्हणून सांगितलं होतं, वीणांचा नाद मला ऐकवू नका म्हणून. ती गाणी परक्या देवांची नव्हती. पण बाहेर गरिबाला नाडायचं आणि आत गायचं, हे देवाला सोसवेना. गाणं शुद्ध आहे की नाही, हे ते कुणाच्या तोंडून येतं यावरही ठरतं.

इथे वाद थांबला असता. पण खरी अडचण पुढे होती. आत्यानं यादीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक अभंगाच्या वळणाचं गीत लिहिलं होतं, आणि त्यापुढे कंसात ‘टाळ, पखवाज’ असं घातलं होतं.

भाचा : यालाच माझा विरोध आहे, आणि तो टिळकांना नाही. आमच्या फेलोशिपमध्ये एक ताई आहेत. दोन वर्षांमागे विश्वासात आल्या. माहेरी-सासरी वारी, एकादशी, घरात भजन. सगळं सोडून, घरच्यांचा राग सोसून आल्या. टाळ वाजले की त्या डोळे मिटतात आणि त्यांना विठोबा दिसतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांच्यासाठी तो नुसता ताल नाही. मग आपण त्यांना परत तिथेच नेऊन सोडायचं?

आत्या : हा तुझा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. याचं उत्तर मी टाळणार नाही. पण आधी टिळकांचं ऐक. ते १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्याआधीच ते मराठीतले नावाजलेले कवी होते. पुढे अमेरिकन मराठी मिशनबरोबर नगरला काम केलं, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचं संपादन केलं, १९१९ साली गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघड सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्तायन हे काव्य लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांची गीतं आहेत. हा माणूस गोंधळलेला नव्हता. वतन, गोत, जात, घर, सगळ्याची किंमत मोजून तो आला होता. तरी आपली छंदरचना मागे टाकून ये, असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मराठी मंडळी आज मुकी असती.

भाचा : टिळक कवी होते. त्यांना पेलत होतं.

आत्या : त्यांच्याही आधी जा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. १६१६ साली त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते का लिहिलं गेलं? बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी जुनी पुराणं सोडली आणि त्यांच्या जागी वाचायला-गायला काहीच उरलं नाही. लोकांनीच मागणी केली. येशूनं रिकाम्या घराचा दाखला दिलाय, आठवतो? भूत निघून गेलं, घर झाडून-लोटून ठेवलं, पण रिकामं. मग ते भूत आणखी सात घेऊन परत आलं. तू फोन रिकामा केलास. त्यात भरलंस काय?

भाचा : इंग्रजी वर्शिपची गाणी. हिंदी काही. मराठी थोडी.

आत्या : ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या मंडळ्यांची गाणी वाईट नाहीत. मलाही त्यांतली काही आवडतात. पण तिथला ड्रम आणि गिटार तिथल्या क्लबमधून, रॉकमधून आलेला आहे. तिथल्या एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याला त्या आवाजानं दारूचे दिवस आठवत असतील. तुला ते आठवत नाहीत, म्हणून तुला तो आवाज शुद्ध वाटतो. टाळ तुला शेजारचा वाटतो, म्हणून अशुद्ध. दीडशेव्या स्तोत्रात कर्णा आहे, वीणा आहे, डफ आहे, नाच आहे, आणि झणझणणाऱ्या झांजाही आहेत. झांजा म्हणजे काय, हे पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भाचा : हे मान्य. पण ताईंचं काय? पौलानं करिंथकरांना हेच लिहिलं ना? मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खाल्ला तर तुमचं काही बिघडत नाही, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. पण तुम्हाला खाताना पाहून दुबळ्या भावाचा विवेक बिघडत असेल तर खाऊ नका. तो ज्ञानापेक्षा प्रीती मोठी धरतो.

आत्या : आणि मीही धरते. म्हणून ज्या रविवारी त्या ताई उपासनेला असतील, त्या रविवारी तुमच्याकडे टाळ नकोत. माझी हरकत नाही, उलट तसंच करा. पण एका माणसावरच्या मायेपोटी सोडलेली गोष्ट वेगळी आणि सगळ्या मराठी मंडळींसाठी घातलेली बंदी वेगळी. पौलानं मांस स्वतःपुरतं सोडायची तयारी दाखवली, करिंथच्या खाटकाचं दुकान बंद करायला सांगितलं नाही. बाजारात मिळेल ते प्रश्न न विचारता खा, हेही त्यानंच लिहिलंय.

भाचा : म्हणजे चाल स्वतः पापीही नसते, पुण्यवानही नसते, असं म्हणायचंय तुला?

आत्या : जवळजवळ. पण चालीला आठवणी असतात, आणि आठवणींना मान द्यावा लागतो. मार्टिन ल्यूथरची गोष्ट सांगते. त्यानं मुलांसाठी ख्रिस्तजन्माचं एक गीत लिहिलं, ‘फॉम हिमेल होख’. १५३५ साली ते छापलं तेव्हा त्याला एका लोकगीताची चाल दिली होती, लोक कोडी घालायला जे गाणं म्हणत त्याची. लोकांच्या तोंडात बसलेली चाल, गीत झटकन पसरलं. आणि १५३९ साली तेच गीत नव्या चालीत आलं. आज जगभर म्हणतात ती ही दुसरी.

भाचा : मग मीच जिंकलो. ल्यूथरनं जुनी चाल टाकली.

आत्या : त्यानं दोन्ही केलं. आधी घेतली, मग बदलली. आणि पुढची गोष्टही ऐक. हान्स लिओ हास्लर नावाच्या जर्मन संगीतकारानं १६०१ साली एक प्रेमगीत छापलं, प्रेयसीनं मन अस्वस्थ केलंय अशा अर्थाचं. तीच चाल पुढे प्रभूच्या काटेरी मुकुटाच्या गीताला लागली. बाखनं ती मॅथ्यू पॅशनमध्ये पुन्हा पुन्हा वापरली. तू गुड फ्रायडेला डोळ्यांत पाणी आणून जी चाल म्हणतोस ना, ‘ओ सेक्रेड हेड’ची, ती हीच. चारशे वर्षांपूर्वी ती प्रियकराच्या तोंडी होती. आता कुणाला तो प्रियकर आठवतो? मंडळीनं गाऊन गाऊन ती चाल बाप्तिस्मा दिल्यासारखी आपली केली. याला वेळ लागतो. काही चाली दोन पिढ्यांत आपल्या होतात, काहींना थांबावं लागतं. कोणती चाल कधी, हे त्या त्या मंडळीनं ओळखायचं.

भाचा : पण आपल्याच लोकांनी टाळ-हलगी नाकारली, त्यामागे नुसती भीती नव्हती, आत्या. आपल्या पणजोबांच्या पिढीला गावकीत हलगी वाजवणं हे जातीनं नेमून दिलेलं काम होतं. लग्न असो, मढं असो, बोलावलं की जायचं, आणि ओट्याखाली उभं राहायचं. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ती खाली ठेवली. मला त्यात स्वाभिमान दिसतो.

आत्या : मलाही दिसतो. तू हे बोललास याचा मला अभिमान वाटतो, कारण हे आपल्याकडे बोलत नाहीत. सक्तीनं वाजवायची हलगी खाली ठेवणं ही सुटका होती. पण आता ती कुणी सक्तीनं देत नाही. आज एखाद्या पोरानं मनानं ती उचलली आणि पुनरुत्थानाच्या दिवशी वाजवली, तर ज्या हातांना ती लाज म्हणून दिली होती त्या हातांत ती मानाची होते. त्यानं उचलावीच असं नाही. पण उचलली तर तिला अपवित्र म्हणू नको.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं स्वतःच एक गोष्ट काढली, जी त्याच्या नियमात बसत नव्हती.

भाचा : एक कबूल करतो. १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू हा आयरिश बँड आला होता. भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम. मी गेलो होतो. आपल्या स्टेशनापासून दुसरं स्टेशन. या बँडचं एक गाणं आहे, नावच ‘फोर्टी’. १९८३च्या त्यांच्या ‘वॉर’ या अल्बममधलं शेवटचं. ते चाळिसाव्या स्तोत्रावर बेतलेलं आहे. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारी माणसं जगभरच्या स्टेडियममध्ये ते गात आली आहेत. मी सगळी गाणी काढली तेव्हा तेही निघून गेलं, कारण बँड वर्शिपचा नाही. तेव्हापासून मनात टोचतंय. मी स्तोत्रच पुसलं की काय?

आत्या : मला त्या बँडचं काही ठाऊक नाही. पण दावीद राजानं ते स्तोत्र चिखलातून वर काढलेल्या माणसाच्या तोंडी दिलंय. चिखलात असलेला माणूस स्टेडियममध्येही असतो. त्याला ते तिथे ऐकू आलं तर बिघडलं काय?

भाचा : म्हणजे लेबल बघायचं नाही. शब्द बघायचे, गाणाऱ्याचं वागणं बघायचं, आठवणी बघायच्या, शेजारचा माणूस बघायचा. एवढं सगळं एका गाण्यासाठी? नियम सोपा असतो, आत्या. हे कठीण आहे.

आत्या : कठीण आहेच. कारण गाणं एकटं काही करत नाही, ऐकणाराही काहीतरी करतो. शौल राजाला दुष्ट आत्मा छळायचा तेव्हा दावीद वीणा वाजवायचा आणि शौलाला आराम पडायचा. तोच दावीद, तीच वीणा, तोच शौल. पुढे एके दिवशी दावीद वाजवत असतानाच शौलानं त्याच्यावर भाला फेकला. वीणा बदलली नव्हती. शौलाच्या पोटात मत्सर शिरला होता. समुद्र ओलांडल्यावर मिर्यामनं डफ घेतला, बाया नाचल्या, ती स्तुती झाली. थोड्याच दिवसांत सीनाय पर्वताच्या पायथ्याशी त्याच लोकांनी सोन्याच्या वासराभोवती गाणी म्हटली. मोशेला दुरूनच गाण्याचा आवाज ओळखू आला. लोक तेच, नाच तोच.

भाचा : मग थोर माणसांनी तरी काय ठरवलं?

आत्या : त्यांचंही एकमत नव्हतं, आणि ते मला धीर देतं. ऑगस्टीन आपल्या कन्फेशन्समध्ये लिहितो की कधी कधी गीतातल्या अर्थापेक्षा आवाजच मला जास्त हलवतो, आणि तसं झालं की मी ते पाप समजतो. तेव्हा वाटतं, ऐकूच नये. पण विश्वासात आलो तेव्हा मिलानच्या मंडळीची गाणी ऐकून रडलो होतो, हेही त्याला आठवतं, आणि अखेर तो गाण्याच्या बाजूनं झुकतो. झुरिकचा धर्मसुधारक त्स्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवायचा, तरी त्यानं उपासनेतून संगीत काढून टाकलं. पोप दहाव्या पायसनी १९०३ साली चर्चमध्ये ढोल-झांजांबरोबर पियानोलाही बंदी केली. आणि साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं की ज्या देशांत स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य तो मान आणि उपासनेत जागा द्या. आपण प्रॉटेस्टंट, पण शेजारच्या कॅथलिक घरांत मराठी भजनं आज ऐकू येतात ती अशी. मंडळीनं दोर कधी आवळला, कधी सैल सोडला. पण एक बघ, यांतलं बरंचसं उपासनेतल्या संगीताबद्दल आहे. उपासना वेगळी, घर वेगळं, रस्ता वेगळा. तू तिन्हींना एकच माप लावतोस.

भाचा : तीन मापं कोणती?

आत्या : उपासनेत मंडळी एका तोंडानं देवाशी बोलते. तिथे माप कडक हवं. शब्द सत्य हवेत, सगळ्यांना म्हणता यायला हवेत, आणि गाणाऱ्याचा गळा देवाच्या पुढे उभा राहता कामा नये. घरात तू माणूस म्हणून जगतोस, हसतोस, दमतोस, बायकोवर प्रेम करतोस. तिथे खरं आणि सुंदर असेल ते ऐक, मग ते नाट्यगीत असो, गझल असो, बँड असो. पण जे ऐकून बाई तुला वस्तू वाटायला लागते, दारू शौर्य वाटते, जात अभिमान वाटते, ते बंद कर, मग त्याची चाल कितीही गोड असो. आणि रस्त्यावर तुझ्या आधी शेजाऱ्याचा कान. आपल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सात-सात घरांमध्ये एक अंगण ठेवलंय. अंगणात गायलेलं सात घरांत जातं. तिथे आपण जे गातो ते फक्त आपलं राहत नाही.

यानंतर दोघांनी यादी पुढ्यात घेतली आणि एकेक गीत तपासलं. आत्याची पद्धत साधी होती. आधी चाल काढून घ्यायची आणि शब्द नुसते, बोलल्यासारखे, मोठ्यानं वाचायचे. भाच्याच्या आवडीचं एक नवं मराठी वर्शिप गीत असं वाचून पाहिलं. प्रोजेक्टरसाठी ते रोमन लिपीत लिहिलेलं होतं. वाचताना कळलं की दुसऱ्या कडव्यात काही सांगितलेलंच नाही, ‘तू महान’ एवढंच आठ वेळा फिरवलं आहे. आणि इंग्रजी चालीत बसवताना शब्द मधोमध तुटले आहेत, ऱ्हस्व अक्षरावर चार मात्रा ओढल्या आहेत. गाताना ड्रमखाली हे झाकलं जात होतं. पहिलं कडवं मात्र खणखणीत निघालं. भाच्यानं ते ठेवलं, दुसरं गाळलं, आणि गीत देवनागरीत पुन्हा लिहून काढलं.

मग उलट केलं. शब्द बाजूला ठेवून आत्यानं टिळकांच्या गीताची चाल नुसती पेटीवर वाजवली. भाचा म्हणाला, ही ऐकून मला घाई होत नाही. त्यानं यादीत त्या गीतासमोर बरोबरची खूण केली.

शेवटी आत्यानं एक पाळणा सुचवला. रामनवमीला, शिवजयंतीला, बारशाला जसे पाळणे म्हणतात, तसाच बाळ येशूचा. भाच्याचं पहिलं उत्तर नाही असंच होतं. मग तो म्हणाला, अंगणातल्या सातही घरांत ही चाल येते, इंग्रजी कॅरोल तीनच घरांत येतं. पाळणा यादीत गेला. फेलोशिपमधल्या ताईंना त्यानं आधी फोन करून विचारायचं ठरवलं. त्यांना जड जाणार असेल तर त्या दिवशी टाळ घरी राहतील आणि टिळकांचं गीत पेटीवर होईल. यादीत एक जुनं इंग्रजी कॅरोलही राहिलं, शेजारच्या मल्याळी कुटुंबासाठी.

भाचा : आणि माझा फोन?

आत्या : तू जे केलंस ते उपास म्हणून उत्तम आहे. चाळीस दिवस कर, लेंटमध्ये दरवर्षी कर. कान स्वच्छ होतात, कशाची चटक लागली होती ते कळतं. पण उपासाला शेवट असतो, आणि उपास ज्याचा त्याचा असतो. तो तरुण संघावर कायदा म्हणून लादू नको. उपास सुटल्यावर एकेक गाणं स्वतः निवडून परत घे. ॲपला निवडू देऊ नको.

या वादात मी कुणाच्या बाजूला आहे, हे वाचकाला कळलं असेल, तरी स्पष्ट सांगतो. भाच्याचा मूळ आग्रह मला अत्यावश्यक वाटतो: गाणं निवडलंच पाहिजे. न निवडणं म्हणजे दुसऱ्याला निवडू देणं, आणि तो दुसरा आज बहुतेक वेळा एक कंपनी असते, जिला आपल्या आत्म्याशी काही देणंघेणं नाही. जी ख्रिस्ती घरं मुलांना काय खायला द्यावं याची काळजी करतात आणि काय ऐकायला द्यावं याची करत नाहीत, ती अर्धीच काळजी करतात.

पण निवडायचं कशावरून, याचं उत्तर मला आत्याकडे सापडतं. ‘ख्रिस्ती’ असा शिक्का बघून निवडणं सोपं असतं आणि त्यात चूक झाली तरी कळत नाही. शब्द खरे आहेत का, हे बोलून बघावं लागतं. चाल आपल्याला कुठे नेते, हे ऐकून बघावं लागतं. शेजारी बसलेल्याचा विवेक दुखतो का, हे त्यालाच विचारावं लागतं. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि माणसांत बसावं लागतं. एकट्यानं फोनवर गाणी पुसून हे होत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाची यात आणखी एक जबाबदारी आहे. आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच्या ओव्या आहेत, एकोणिसाव्या शतकात नगरच्या मंडळ्यांत उभी राहिलेली ख्रिस्ती कीर्तनं आहेत, टिळकांचे अभंग आहेत. मुलांना हे माहीत नसताना त्यांनी हे नाकारलं, तर ती निवड नव्हे, ते विसरणं झालं. आधी त्यांना ऐकवा. तबल्याच्या साथीनं, पेटीच्या साथीनं, हवं तर गिटारच्या साथीनं ऐकवा. मग त्यांनी काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते प्रार्थनेनं ठरवावं. बेलापूरच्या अंगणांत, नेरूळ-वाशीच्या चर्चमध्ये, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपमध्ये येत्या नाताळाची यादी होईल तेव्हा आत्या आणि भाचा या दोघांनाही तिथे बसवा. दोघांपैकी एकालाच विचारून केलेली यादी मंडळीची होत नाही.